जोडा जुळवून मिळेल

माझ्या मामाला उजवा पाय नाही, हे सगळ्यांना दिसतं. त्याला अक्कलही बेताचीच आहे, हे कळायला मात्र त्याच्याबरोबर एका खोलीत काम करावं लागतं. मी अकरा वर्षं करते आहे.

माजी सैनिकांच्या मदत कार्यालयात, तळमजल्यावर, जिन्याखाली आमचा विभाग. दोन टेबलं, एक फोन, कार्डांची एक लांबट पेटी, आणि भिंतभर लाकडी फळ्या. फळ्यांवर बूट. सगळे एकटे. डाव्या भिंतीला डावे, उजव्या भिंतीला उजवे. नवीन माणूस आत आला की आधी एका भिंतीकडे बघतो, मग दुसऱ्या भिंतीकडे, मग माझ्याकडे. मी नेहमी सांगते, माझ्याकडे बघू नका, हे सगळं त्यांचं डोकं.

दारावरची पाटीसुद्धा त्याच डोक्यातून निघालेली. "जोडा जुळवून मिळेल." मी म्हटलं होतं, मामा, लोकांना वाटेल इथे लग्नं जमवतात. बूट असं लिही. तर म्हणाला, "बूट दुकानात मिळतो. आपण जोडा जमवतो." पाटी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक तरुण मुलगा आणि एक मुलगी हातात हात घालून, लाजत आत आले. मामाने मान वर न करता सांगितलं, "बसा. दोघांनीही आपापला एकेक बूट काढा." त्यांनी काढलेही बिचाऱ्यांनी.

कार्यालयात त्याला सगळे डावेसाहेब म्हणतात. आडनाव नव्हे. उरलेला पाय डावा, म्हणून.

पाय कसा गेला हे विचारलं तर तो दर वेळी वेगळंच काहीतरी सांगतो. लहान मुलांना सांगतो, सैन्यातून परत आणायचा राहिला. मोठ्यांना सांगतो, "तोफगोळा पडला. मी तिथे आहे हे त्याला माहीत नव्हतं." खरं एवढंच की तो अठ्ठावीस वर्षांचा होता, टेकडीवर लढाई चालू होती, आणि त्याच्या तुकडीतले तिघं त्या दिवशी खाली आलेच नाहीत. त्या तिघांबद्दल तो कधीच काही गमतीचं बोलत नाही. बोलतच नाही.

रुग्णालयात सात महिने काढून तो आमच्या घरी आला, कारण माझी आई त्याची थोरली बहीण आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पहिल्याच आठवड्यात ती त्याला बूट घ्यायला घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, एक बूट आम्ही विकत नाही. आई म्हणाली, याला एकच पाय आहे. दुकानदार म्हणाला, ते खरं, पण बुटाला दोन आहेत. झालं, जोडी घरी आली. डावा बूट मामाने घातला आणि उजवा पलंगाखाली गेला. तीन वर्षांत पलंगाखाली पाच उजवे बूट साठले. सगळे कोरे करकरीत. आईला कोरी वस्तू टाकवत नाही आणि मामाला त्या बुटांकडे बघवत नाही, म्हणून आईने पलंगाला झालर शिवली.

कृत्रिम पायही मिळाला होता. तो ज्यांना सोसतो ते दोन्ही पायांत बूट घालून झोकात फिरतात, त्यांना आमची गरज नाही. मामाचा पाय मांडीच्या पार वरून गेलेला. तो पट्टा, ते बिजागर, ते कचकन वाजणं त्याला काही केल्या जमेना. लोक कंटाळले की काढता पाय घेतात, मामा कंटाळला की पाय काढून ठेवायचा. एकदा आईच्या मैत्रिणी बसलेल्या असताना त्याने तो मधल्या टेबलावर ठेवला. त्यानंतर घरात कुबड्याच बऱ्या असं ठरलं.

कुबड्यांच्या खाली रबरी टोप्या असतात, त्या झिजतात. त्या बदलून घ्यायला मामा रुग्णालयाच्या बाकावर बसला होता, तेव्हा शेजारी एक माणूस येऊन टेकला. त्याला डावा पाय नव्हता. उजव्या पायात बूट, आणि तो बूट नेमका मामाच्या पलंगाखालच्यासारखा.

"नंबर?" मामाने विचारलं.

"नऊ. तुमचा?"

"नऊ. तुमचे पाच बूट माझ्या पलंगाखाली पडलेत."

"तुमचे आठ माझ्या माळ्यावर आहेत," तो म्हणाला.

दोघं आनंदाने एकमेकांना मिठी मारायला उठले. कुबड्या बाकालाच टेकलेल्या राहिल्या. दोन पाय आणि दोन धिप्पाड माणसं, पण मधे ताळमेळ नाही. दोघं जे आडवे झाले ते दोन परिचारिका आणि एक झाडूवाला मिळून उचलावे लागले.

तो माणूस सैन्यात बिनतारी संदेश पाठवायचा, म्हणून त्याला आम्ही तारवाला म्हणायचो. राहायला दुसऱ्या गावात. तेव्हापासून एक वर्ष मामा जोडी घ्यायचा आणि उजवा पाठवायचा, पुढच्या वर्षी तारवाला घ्यायचा आणि डावा पाठवायचा. आणि दर रविवारी सकाळी फोन. त्या फोनबद्दल सांगायलाच हवं, कारण मी लहान असताना मला वाटायचं मामा कामातून गेला.

गोष्ट अशी आहे की गेलेला पाय खाजतो. थट्टा नाही, डॉक्टरही हो म्हणतात. पाय जाऊन वर्षं लोटली तरी नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते आणि खाजवायला तिथे हवा. मामाचा उजवा अंगठा खाजायचा. तारवाल्याला डावा पाय नव्हता पण उजवा अंगठा चांगला शाबूत होता. तर मामा फोनवर म्हणायचा, "जरा बाहेरच्या बाजूने. हां. अजून. अरे नखाने खाजव की, लाजतोस काय?" आणि तिकडे तारवाला आपला अंगठा खाजवायचा, आणि इकडे मामा डोळे मिटून "आहाहा" करायचा. मग तारवाल्याची डावी पोटरी खाजायची आणि मामा आपली पोटरी खाजवायचा. शास्त्रात हे कुठे बसतं मला माहीत नाही. बरं वाटायचं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यातूनच आमचा विभाग निघाला. मामाने मदत कार्यालयात जाऊन सांगितलं, आम्ही दोघंच असे नसणार. नव्हतेच. आता पेटीत चारशेच्या वर कार्डं आहेत. पाय कोणता, नंबर किती, पंजा रुंद की अरुंद, नाडी हवी की नको, स्वभाव. स्वभाव कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "अगं, आयुष्यभराचा प्रश्न आहे," मामा म्हणाला. मुलीच्या बापाने झिजवले नसतील एवढे जोडे हा माणूस एका पायाने झिजवत फिरतो. एकाला टोकदार बूट आवडतात, दुसऱ्याला गोल, की बसला समजूत काढत. एक जोडी चपलेवरून मोडली, तर हा चार दिवस जेवला नाही.

बूट हा बहाणा आहे हे मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळलं. घरात तोंड लपवून बसलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही, समुपदेशनाच्या नावाने अंगावर येतो. पण आपल्या मापाचा उलटा पाय असलेला कुणीतरी आहे म्हटल्यावर त्याला बघायला तो उठतोच. मामा हे कधी बोलून दाखवत नाही. विचारलं तर म्हणतो, छे, बूट वाया जातात ना.

दोन वर्षांपूर्वी तारवाला गेला. झोपेतच गेला. मामाने नुकतीच नवी तपकिरी जोडी आणली होती. ती तशीच खोक्यात कपाटावर राहिली. जुन्या बुटाचा तळ झिजून मोजा दिसायला लागला तरी हा नवा घालेना. मी म्हटलं, "मामा, तुझं कार्ड भर की." तो म्हणाला, "माझा जोडा होऊन गेला." रविवारी सकाळी तो फोनजवळ बसायचा आणि बूट घातलेला पाय जमिनीवर घासायचा. मला त्याची दया यायची आणि दया आली की मला राग येतो, म्हणून मी त्याच्याशी भांडायचे.

अशात एके दिवशी एक बाई आल्या. हातात पिशवी, पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. त्यांचा मुलगा सैन्यात ट्रक चालवायचा. सुरुंगावरून ट्रक गेला. घरी येऊन चौदा महिने झाले, खोलीबाहेर येत नाही, कुणाशी बोलत नाही, ताट आत जातं आणि अर्धं परत येतं.

"तुम्ही जोडा जमवून देता म्हणे," त्या म्हणाल्या.

"देतो की, ताई. त्याच्यासाठीच बसलोय." मामाने कार्ड ओढलं. "पाय कोणता?"

"डावा गेला. उजवा आहे."

"नंबर?"

बाई जरा गोंधळल्या. "नऊ. तोही लागतो?"

"तोच तर मुख्य. बरं, रंग?"

"रंगाचं काही नाही हो. आमचाच कुठे उजळ आहे?"

मामाने लिहिलं, रंग कुठलाही. "आधी कुणाचा होऊन सुटलेला असला तर चालेल?"

बाईंनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली. "चालेल. आता अटी घालून कसं चालायचं? फक्त टिकायला हवं. अर्ध्यातून सोडून जायला नको."

"आमचं काहीही अर्ध्यातून जात नाही," मामा म्हणाला, आणि बाईंचे डोळे भरून आले. मी त्या वेळी पावत्या लावत होते. माझे कान कुठे होते देव जाणे.

पेटीत डावा नऊ एकच मोकळा होता. एक निवृत्त आचारी, लष्करी भटारखान्यातला, कुबड्यांवर फिरणारा. मामाने लगेच बाईंना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"ताई, सापडला जोडा! अगदी मापात. वय? वय थोडं जास्त आहे, पण त्याने काय होतं? हो, पाय एकच. अहो, एकच असायला हवा ना, दोन असते तर आपल्याकडे कशाला आले असते? स्वयंपाक? स्वयंपाक तर एका वेळी पाचशे माणसांचा! नाही, जास्त लोक नको, आम्ही तिघंच. मी, आचारीबुवा, आणि भाची असणारच."

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. आचारी मिशांना तेल लावून, अत्तर मारून आला होता. मामाच्या खांद्याला पिशवी, पिशवीत कपाटावरचं ते तपकिरी जोडीचं खोकं. दुकानं बंद आहेत, तूर्त यावर माप बघू, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर धुतलेल्या खोळी. टेबलावर बशा, बिस्किटं, फुलं. बाई नव्या कपड्यात, शेजारी मुलाची मावशी, तीही नव्या कपड्यात. आतल्या खोलीचं दार बंद. मी मनात म्हटलं, बुटासाठी एवढा थाट?

बाईंनी माझा हात धरून मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि वाकून माझ्या पायांकडे बघितलं.

"चालत आलात?"

"हो."

"दोन्ही पायांनी?"

"मग कितींनी येणार?" मी म्हटलं.

बाई मावशीकडे वळल्या. "अगं, दोन्ही आहेत!"

"बघ, उगाच जीव टांगणीला लावला होतास," मावशी कुजबुजली. ती कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. "वय मात्र सांगितलं त्याहून जास्तच दिसतंय."

मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला चष्मा आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण का ते कळेना. मामा बिस्किट चहात बुडवत होता.

"पाचशे माणसांचा स्वयंपाक करतेस म्हणे?" मावशीने मला एकदम एकेरीवर आणलं.

"मी? मला पाच माणसांचा नीट जमत नाही. माझ्या नवऱ्याला विचारा."

बशीवर चमचा वाजला.

"नवरा आहे?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"आहे ना," मामा खुशीत म्हणाला. "चांगला आहे. दोन मुलं आहेत, हुशार आहेत."

"आणि तरीही तुम्ही हिला..."

"हिचा काय संबंध? ही कार्डं लिहायला येते." मामाने हातातल्या बिस्किटाने आचाऱ्याकडे खूण केली. "जोडा यांचा जमवायचाय, तुमच्या मुलाबरोबर."

आचारी कुबडी सावरत उठला, मिशीवर हात फिरवला आणि लवून म्हणाला, "मी तर एका पायावर तयार आहे."

मावशीच्या हातून बशी पडली. आणि त्याच वेळी बंद दाराआडून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग कुणीतरी उशीत तोंड खुपसल्यासारखा, आणि मग उशीला न जुमानता बाहेर पडलेला. मला कळायला वेळ लागला की कुणीतरी हसतं आहे. बाईंना लगेच कळलं. त्या बशीचे तुकडे वेचायला वाकल्या होत्या, तशाच खाली बसून राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

दार उघडलं. दाढी वाढलेला, सव्वीस-सत्तावीसचा मुलगा कुबड्यांवर उभा होता.

"आई," तो म्हणाला, "मी यांच्याशी लग्न करणार नाही. मिशी टोचेल."

"अहो, तोंडावर नकार?" आचारी म्हणाला.

मग उलगडा झाला. मावशी मामाला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, पण मला ते पटलं. मामाने शांतपणे खोकं उघडलं. उजवा बूट त्या ड्रायव्हरच्या पायात असा गेला की जणू त्याच्याच मापाने शिवला होता. डावा आचाऱ्याच्या पायात जाईना.

"मोजा जाड आहे," आचारी म्हणाला. मोजा काढला. टाच बाहेरच. घाम फुटला, मिशी खाली आली.

"खरा नंबर किती?" मी विचारलं.

"दहा."

"मग नऊ का लिहिलंत?"

"दहा नंबरवाल्याला कुणी विचारत नाही हो," तो बुटाकडे बघत म्हणाला. "चार वर्षं कार्ड पडून आहे. घरी एकट्याला करमत नाही. म्हटलं, भेट तरी होईल."

त्यावर कुणाला हसता येईना. ड्रायव्हरने हळूच बूट काढला आणि खोक्यात ठेवला. "राहू द्या," तो म्हणाला. "नाहीतरी मला कुठे जायचंय?" आणि तो दाराकडे वळला. त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं. ते दार आता लागलं तर पुन्हा कधी उघडेल, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

"मामा," मी म्हटलं, "तू डावा नऊ आहेस."

"गप्प बस."

"नाही बसत. जोडा होऊन गेला, जोडा होऊन गेला! लोकांना चारशे वेळा शहाणपण शिकवलंस. तुझा तळ झिजलाय मामा, मोजा दिसतोय."

मामाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, जास्त बोलले.

ड्रायव्हर कडीवर हात ठेवून पाठमोरा थांबला होता. "काका," तो वळूनही न बघता म्हणाला, "एक विचारू? तुमचा तो... जो नाही तो... कधी खाजतो का?"

मामाने मान वर केली.

"मला वाटतं, माझं डोकं फिरलंय," मुलगा म्हणाला. "पाय नाही आणि टाच खाजते. रात्रंदिवस. कुणाला सांगणार? म्हणून मी बाहेर..."

मामा खुर्चीत बसला. त्याने झिजलेल्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला आणि आपला डावा पाय मांडीवर घेण्यासाठी धडपडला. एकच मांडी असल्यामुळे ते जमेना, तेव्हा आचाऱ्याने तो पाय उचलून आपल्या मांडीवर धरला.

"टाच कुठे?" मामाने विचारलं. "आत की बाहेर?"

"आतल्या बाजूला."

"इथे?"

"थोडं खाली."

"इथे? लाजू नकोस, नीट सांग."

"हां," मुलगा म्हणाला. त्याने दाराला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "हां. तिथेच. अजून जरा."

मामा बराच वेळ खाजवत होता. शेवटी मुलाने डोळे उघडले आणि विचारलं, "तुमचं काय खाजतं, काका?"

"अंगठा," मामा म्हणाला. "बाहेरच्या बाजूने. दोन वर्षं झाली रे."

ड्रायव्हर भिंतीला धरून खाली बसला, आपला उजवा पाय जवळ ओढला आणि अंगठा खाजवायला लागला. मामा रडला. लपूनछपून नाही, चांगला हुंदके देऊन रडला, आणि रडता रडता म्हणत होता, "नखाने, अरे, नखाने."

मावशी माझ्या कानाशी आली. "ही माणसं बरी आहेत ना?"

मी काही बोलणार तोच ड्रायव्हरच्या आईने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि मला विचारलं, "मग हे आता ठरलं असं समजायचं ना?"

"ठरलं," मी म्हटलं.